कोपऱ्यातला खर्ज

पडदा बाजूला झाला आणि प्रेबेनने ज्याला महागाचा म्हटलं होतं तो स्पीकरचा डबा स्वस्तातला निघाला. दुकानात तेव्हा तिघंच होते. प्रेबेन स्वतः, दुकानदार येप्पे, आणि हेडफोन बघायला आलेली एक बाई, जिला या सगळ्याशी काडीचं देणंघेणं नव्हतं. तरी प्रेबेनला वाटलं, भर चौकात आपलं नाक कापलं गेलं. एकतीस वर्षं त्याने स्पीकरच्या कारखान्यात फक्त ऐकण्याचा पगार घेतला होता. इंजिनिअर लोक आकडे मांडायचे, आलेख काढायचे, आणि मग सगळे गप्प होऊन त्याच्या तोंडाकडे बघायचे. कारखान्यात त्याला कोणी नावाने हाक मारत नसे, 'कान' म्हणत. कान काय म्हणतोय? कान 'वाईट नाही' म्हणाला की माल बाहेर पडायचा, कारण जटलंडच्या मुलखात याहून मोठी शाबासकी कोणाच्या बापाला मिळत नाही. ही पडद्याची रीतही त्यानेच तिथे पाडली होती. डोळ्यांना किंमत दिसते आणि मग कान डोळ्यांची री ओढतात, म्हणून दोन्ही स्पीकर काळ्या कापडाआड ठेवायचे आणि नुसतं ऐकून सांगायचं. नव्या पोरांना तो या पडद्यासमोर बसवायचा, आणि ती चुकली की हसायचा नाही, नुसत्या भुवया वर करायचा. आज येप्पेने भुवया वर केल्या नाहीत, हे त्याला जास्तच लागलं.

"सोडा हो प्रेबेन," येप्पे म्हणाला. "तुम्ही माणूस आहात, मीटर नाही."

"तुझा सोफा भिंतीला चिकटलाय," प्रेबेन म्हणाला. "भिंतीपाशी खर्ज फुगतो. फुगला की स्वस्तातलाही भारदस्त वाटतो. जागा चुकीची आहे."

"मग मधे खुर्ची टाकतो. परत ऐका."

प्रेबेनने घड्याळाकडे बघितलं. खरं म्हणजे त्याला भीती वाटली. एकदा चुकलो त्याचं खापर सोफ्यावर फोडता येईल, दुसऱ्यांदा चुकलो तर कोणाच्या डोक्यावर फोडणार? येप्पे समजूतदार पोरगा. त्याने विषय बदलला आणि दोन्ही सबवूफर, म्हणजे खर्जाचे डबे, घरी न्यायला सांगितले. दोन दिवस लावून बघा, सोमवारी एक परत आणा. स्वस्तातला चोवीसशे क्रोनरचा, पाठीला एक गोल बटण, बाकी काही नाही. महागाचा एकोणीस हजारांचा, बत्तीस किलोचा, आणि त्याच्यासोबत करंगळीएवढा एक माइक. "ऐकणारा बसतो तिथे हा ठेवायचा," येप्पे म्हणाला, "डबा पाच मिनिटं घुंई घुंई करतो, आणि त्या जागेपुरता खर्ज सरळ करून टाकतो."

"एकाच जागेपुरता?"

"एकाच. माइक असेल तिथला माणूस राजा."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण? तुम्ही एकटेच राहता ना आता?"

हे बोलल्यावर पोरगं कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालं. प्रेबेन म्हणाला, "उद्या बोडिल येणार आहे," आणि महागाचा डबा उचलायला वाकला.

बोडिल त्याची बायको. आठ महिन्यांपूर्वी ती सिल्केबोर्गला बहिणीकडे गेली ती थोड्या दिवसांसाठी म्हणून. भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर ते मिटवता तरी आलं असतं. एका सोमवारी सकाळी तिने राय धान्याच्या पावावर लोणी लावता लावता सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "प्रेबेन, या घरात मला बरं वाटत नाही." जणू घराला ओल आली असावी तसं. बहिणीने गाडी आणली आणि खिडकीजवळची तिची खुर्चीही मागच्या दारातून गाडीत घातली. तेव्हा त्याला कळायला हवं होतं, कारण थोड्या दिवसांसाठी जाणारं माणूस खुर्ची नेत नाही. पण तो खुर्ची आडवी की उभी बसेल याचा सल्ला देत बाहेर उभा राहिला. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. "रविवारी दोनला कॉफीला येते. बघू या, राहवतं का." बघू या, एवढंच. या दोन शब्दांवर त्याने आठवडा काढला होता. दिवाणखान्यातले कपाटाएवढे दोन जुने स्पीकर त्याने विकून टाकले. बोडिल त्यांना 'माझे दोन सासरे' म्हणायची, कारण ते भिंतीशी उभे राहून दिवसभर तिच्यावर नजर ठेवायचे. आता फळीवर बसणारे दोन छोटे स्पीकर, आणि खर्जासाठी कोपऱ्यात दडणारा एक डबा. खोली माणसांची दिसली पाहिजे होती. हा सगळा उद्योग तिच्यासाठी होता, असं तो स्वतःला सांगत होता. मग एकोणीस हजारांचा डबा कशाला, हे मात्र त्याने स्वतःला विचारलं नव्हतं.

घरी डबे आत ओढताना त्याच्या कमरेत कळ आली. बाहेर नेहमीचा नोव्हेंबर, दुपारी दोनलाच दिवे लावायला लागणारा. त्याने कॉफी केली आणि प्यायली नाही. मघाची चूक आत कुसळासारखी सलत होती. पस्तिशीत तो वटवाघळासारखं ऐकायचा. साठीनंतर वरचे सूर गळतात, ते त्याला ठाऊक होतं, डॉक्टरच्या यंत्राने ते दोनदा दाखवलंही होतं. पण खर्ज तर राहतो. खर्ज म्हातारपणाला दगा देत नाही. मग आज काय झालं? जागा, जागाच चुकीची होती. त्याने दिवाणखान्याच्या मधोमध असलेल्या आपल्या खुर्चीकडे बघितलं. या घरात आल्यावर त्या खुर्चीची जागा त्याने मेजपट्टी घेऊन कागदावर काढली होती. खोली पाच मीटर वीस लांब. म्हणजे सेकंदाला तेहेतीस कंपनांचा जो सूर, चर्चच्या ऑर्गनच्या पायाने दाबायच्या पट्ट्यांतला तळाचा सूर, तो या खोलीत दोन टोकांच्या भिंतींशी दुप्पट होणार आणि बरोबर मधे नाहीसा होणार. मधे बसलं की खर्ज अंगावर येत नाही, स्वच्छ राहतो. जरा कमी वाटतो, त्याला काय, थोडं बटण फिरवायचं. अठरा वर्षं त्याने ते फिरवलेलं ठेवलं होतं. पण आज सकाळपासून त्याचा आपल्या हिशेबावरचा विश्वास उडाला होता. ज्याला पडद्याआडचा डबा ओळखता येत नाही त्याच्या कागदाला कोण विचारतो? म्हणून त्याने ठरवलं, जुन्या रीतीने रांगायचं.

ही रांगण्याची रीत धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असते आणि बाहेरच्या कोणाला सांगायची लाज वाटते. खर्जाचा डबा कुठे ठेवावा हे कळत नसेल तर तो उचलून ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवायचा, चालू करायचा, आणि आपण हातापायांवर खोलीभर रांगत ऐकायचं. जिथे खर्ज चांगला वाटेल ती डब्याची जागा. डबा आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोलीला फरक पडत नाही. कारखान्यात टाय लावलेले इंजिनिअर मोज्यांवर असे रांगायचे. लग्न झाल्यावर पहिल्या दोन खोल्यांत प्रेबेन असा रांगत होता तेव्हा बोडिल स्वयंपाकघरातून बाहेर आली, दोन क्षण बघत राहिली, आणि लिव्हरची पेस्ट लावलेल्या पावाची ताटली त्याच्या नाकासमोर जमिनीवर ठेवून म्हणाली, "घे बाळा." दोघं इतकी हसली की खालच्या म्हातारीने काठीने छत ठोकलं. या घरात मात्र तो कधी रांगला नाही. तोवर तो 'कान' झाला होता, आणि कान रांगत नाहीत, हिशेब करतात.

त्याने आधी स्वस्तातला डबा आपल्या खुर्चीवर चढवला आणि खालून हळूहळू वर जाणारा सूर लावला. गुडघे कुरकुरले. पुस्तकांच्या कपाटापाशी खर्ज पातळ होता, दाराशी बरा. मग महागाचा चढवला. तोच रस्ता, तेच गुडघे. इथे काहीच शंका उरली नाही. महागाचा खोल जात होता, सहज, कष्ट न दाखवता, जिथे स्वस्तातला तळाला पोचायच्या आधीच धापा टाकत होता. आता कळलं! आता पडदा काय, पोत्यात घालून आणला असता तरी त्याने ओळखला असता. त्याला येप्पेला फोन करावासा वाटला, पण आधी त्याने डबा खुर्चीवरून उतरवून समोरच्या भिंतीशी, जुन्या स्पीकरच्या जागी ठेवला आणि सूर पुन्हा खालून लावला. मग तो पुन्हा रांगत पुढे गेला, मागच्या भिंतीकडे, खिडकीच्या कोपऱ्याकडे, आणि तिथे गालिच्यावर त्याच्या तळहाताखाली चार खळगे लागले. बोडिलच्या खुर्चीच्या पायांचे. सूर तेव्हा तेहेतिसापाशी आला होता.

तो सूर ऐकू आला असं म्हणता येणार नाही. तो छातीत शिरला. बरगड्यांच्या आत कोणीतरी हात घालून दाबावं, आणि तोच हात मानेमागून कवटीत चढावा, असं काहीतरी. खिडकीची काच थरथरत नव्हती, दिवा हलत नव्हता, आवाज मोठाही नव्हता. खोलीत कोणालाही कळलं नसतं की या दीड हात जागेत काही चाललंय. प्रेबेन भिंतीला पाठ लावून खळग्यांच्या मधोमध बसला. आवाज त्याच्या नेहमीच्या खुणेवर ठेवला आणि ऑर्गनची त्याची आवडती तबकडी लावली, दर रविवारी दुपारी लावायचा ती. दहा मिनिटांत त्याला मळमळलं. बाराव्या मिनिटाला डोळ्यांच्या मागे ठणका सुरू झाला.

त्याला हे माहीत होतं! नव्याने कळलं असतं तर माणूस सुटला असता. भिंतीच्या कोपऱ्यात खर्ज साठतो हे तर तो शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचा, 'कोपऱ्यात कोणी बसू नका' अशी पाटीच ऐकायच्या खोलीत त्याने लावून घेतली होती. या खोलीचा नकाशाही त्याने काढला होता, आणि त्याच कोपऱ्यावर पेन्सिलीने रेघोट्या मारून 'दुप्पट' असं लिहिलं होतं. त्या नकाशात स्पीकर होते, अ‍ॅम्प्लिफायर होता, दार किती अंशात उघडतं तेही होतं. बोडिलची खुर्ची नव्हती. कोपरा म्हणजे त्याच्या लेखी खर्ज जमा होण्याची जागा होती. तिथे उजेड चांगला येतो म्हणून एक बाई अठरा वर्षं शाळेच्या वह्या तपासत बसते, हे त्याच्या डोळ्यांना रोज दिसत होतं आणि डोक्यात एकदाही गेलं नव्हतं. ती म्हणायची, "दाबल्यासारखं होतं रे." तो म्हणायचा, "आवाज केवढासा आहे. मी तर जवळ बसलोय." ती म्हणायची, "मला वाटतं, काहीतरी घुमतंय." तो हसून म्हणायचा, "घुमत नाही ग. तुला खर्जाची सवय नाही." सवय नाही! एकदा पाहुण्यांसमोर तो म्हणाला होता की बोडिलला कान नाहीत, पण हात सोन्याचे आहेत, आणि पाहुण्यांबरोबर तीही हसली होती. तिने दोनदा चष्मा बदलला. गोळ्या झाल्या. कॉफी सोडून पाहिली. शेवटी डोकं तपासून घेतलं, त्या मोठ्या गोल यंत्रात घालून. तेव्हा तो तिला घेऊन गेला होता, बाहेरच्या बाकावर तिचा कोट मांडीवर घेऊन बसला होता, आणि काही निघालं नाही म्हटल्यावर त्याला मनापासून आनंद झाला होता. "बघ, काही नाहीये," तो म्हणाला. "मग मलाच काहीतरी झालंय," ती म्हणाली. हे वाक्य त्याने तेव्हा ऐकलं होतं. आज इतक्या वर्षांनी त्याला ते कळलं आणि तो तिथेच खळग्यांत बसून रडला, नाक पुसायला रुमालही जवळ नव्हता.

पण माणूस मोठा बेरकी प्राणी. नाक पुसून होतं न होतं तोच त्याची नजर त्या करंगळीएवढ्या माइककडे गेली. माइक असेल तिथला माणूस राजा. त्याने स्वयंपाकघरातली खुर्ची आणून कोपऱ्यात ठेवली, बोडिलच्या डोक्याच्या उंचीवर माइक बांधला आणि डब्याला घुंई घुंई करू दिलं. मग त्या खुर्चीवर बसून तबकडी परत लावली. कोपरा मोकळा झाला होता, काही दाबत नव्हतं, काही घुमत नव्हतं. त्याच्या मधल्या खुर्चीत मात्र आता खर्जाचा मागमूस नव्हता, ऑर्गन पाण्यावर तरंगल्यासारखा बिनबुडाचा वाजत होता. चालेल. स्वस्तातल्या डब्याने हे जमलं नसतं, त्याला फक्त एक बटण. एकोणीस हजार भरायचे, बोडिलला कोपरा द्यायचा, आपण राहिलेलं आयुष्य खर्जाशिवाय काढायचं, आणि तोंड उघडायचं नाही. तिला वाटेल, आपण बऱ्या झालो. कोणाला न सांगता केलेल्या त्यागाची कल्पना त्याला फार आवडली. त्याने भांडी घासली, खिडक्या पुसल्या, आणि झोपही बरी लागली.

बोडिल दोनला पाच मिनिटं असताना आली. दारात बूट काढून ठेवले, हातात बदामाची क्रिंगल, म्हणजे वेटोळ्याचा गोड पाव. केस कापलेले होते. "सासरे गेले?" तिने आत पाऊल टाकताच विचारलं.

"गेले. विकले."

"अरेरे, निरोपही घेतला नाही," ती म्हणाली, आणि दोघं हसली. कॉफी झाली. क्रिंगलचा मोठा तुकडा तिने सवयीने त्याच्या बशीत टाकला. मग सवयीनेच उठून खिडकीच्या कोपऱ्यात गेली आणि स्वयंपाकघरातल्या त्या खुर्चीवर बसली. "लाव की. तुझा रविवार आहे. बघू या."

त्याने ऑर्गन लावला आणि मधल्या खुर्चीत, तिच्याकडे अर्धी पाठ करून, बिनबुडाचं गाणं ऐकत बसला.  तबकडीची एक बाजू संपली. त्याने वळून पाहिलं तर तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"डोकं दुखलं नाही, प्रेबेन. अजिबात नाही." तिने दोन्ही हातांनी कपाळ चाचपलं. "तिकडची डॉक्टरीण म्हणाली होती, ताण असेल. मी पण खूप विचार केला रे तिथे. मला वाटतं, मला तुझ्या गाण्याचा मत्सर वाटायचा. तू त्या खुर्चीत बसलास की मी घरात नसल्यासारखी व्हायचे. त्यानेच डोकं दुखायचं. दोष माझाच होता. तुझे इतके रविवार मी नासवले. माफ कर मला."

"बोडिल."

"मंगळवारी सामान घेऊन येते. येऊ ना?"

हो म्हणायचं होतं. एवढंच अक्षर. आठ महिने तो याच प्रश्नाची वाट बघत होता, आणि तो समोर आला होता, कोट काढून, कॉफी पिऊन. पण माफ कर हे शब्द तिने उच्चारले होते, आणि ते त्याच्या छातीत कालच्या सुरासारखेच बसले. त्याला वाटलं, आता हो म्हटलं तर ही बाई मरेपर्यंत आपणच वेडी होतो असं समजून जगेल, आणि मी रोज सकाळी तिच्यासमोर पाव खाईन.

"तुझा दोष नव्हता," तो म्हणाला. "कोपऱ्याचा होता. म्हणजे माझा." आणि त्याने सगळं सांगितलं, भराभर, वाकडंतिकडं, मधेच तेहेतीस कंपनं, मधेच खोलीची लांबी, मधेच माइक. नकाशाचं सांगताना त्याला तिच्याकडे बघवेना.

"तुला माहीत होतं?"

"कागदावर."

"आणि मी यंत्रात पडून होते तेव्हा?"

"तेव्हाही. पण तेव्हा मला ते आठवलं नाही. खोटं वाटेल तुला."

"नाही. खरंच वाटतंय. तेच तर." ती उठली. "ऊठ तिथून." तो उठला. ती त्याच्या खुर्चीत बसली, जरा पुढेमागे सरकून नीट झाली. "आता ते माइकचं काढून टाक. जसं असायचं तसं कर. तेवढाच आवाज. आणि तू जा तिकडे."

त्याने तसं केलं. तबकडी पहिल्यापासून लावली आणि कोपऱ्यात जाऊन बसला. बावीस मिनिटांची बाजू. दहाव्या मिनिटाला मळमळ आली, मग ठणका. त्याने डोळे मिटले नाहीत, कान झाकले नाहीत. समोर तिची मान दिसत होती, नव्याने कापलेल्या केसांखालची, आणि ती एकदाही वळली नाही. एकदा फक्त तिचा हात खुर्चीच्या दांडीवर हलला, गाण्याबरोबर.

बाजू संपल्यावर ती म्हणाली, "किती सुंदर आहे रे हे. मी हे कधी ऐकलंच नव्हतं." आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं, आणि ते त्याला रागापेक्षा जड गेलं. मग ती बाहेरच्या खोलीत गेली आणि कोट घालू लागली.

तो डोकं धरून तिच्या मागे गेला. "मंगळवारी?"

"मंगळवारी नको."

"रागावलीस?"

"अजून नाही." ती वाकून बुटांच्या नाड्या बांधत होती. "इतकं सगळं एकदम रागावता येत नाही, प्रेबेन. आधी मला सगळे रविवार आठवायचेत. प्रत्येकावर वेगळं रागवायचंय. रागवून झालं की फोन करते."

"किती दिवस लागतील?"

"अठरा वर्षांचे रविवार आहेत. तूच हिशेब कर, तुला जमतो." मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने पर्स उघडली आणि एक गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "ही घे. आडवा पड. अंधारात तासाभरात उतरतं."

तिने दार ओढून घेतलं ते जराही आवाज न करता, कडी हाताने धरून, हलकेच. तो गोळी हातात घेऊन उभा राहिला. दार असं लावायची सवय तिला लग्नाआधी नव्हती. ती सवय कोणाच्या कानांसाठी लागली होती, हे त्याला आत्ता कळलं.